लांब तारेचे जुने दुखणे

२०१४ सालच्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या मंडळाने १९९३ मध्ये बसवलेल्या नाटकाची व्हीएचएस कॅसेट कुणाच्या तरी अटारीत सापडली, ती डिजिटल करून आणली आणि आमच्या बेसमेंटमध्ये सर्वांना दाखवायचे ठरले. बेसमेंट नुकतेच पुरे झाले होते. छताला प्रोजेक्टर, समोर १०० इंची पडदा, कोपऱ्यात प्लेअर आणि रिसीव्हरचे कपाट. कपाटापासून प्रोजेक्टरपर्यंत जिना आणि हीटिंगचा डक्ट चुकवत नेलेली ५० फुटी एचडीएमआय केबल मी स्वतः ड्रायवॉलच्या आत बंद केली होती. ती बाजारातली सर्वांत स्वस्त होती, हे सौभाग्यवतींना आजही आठवते.

पंचवीस-तीस मंडळी जमली. त्या नाटकात आईचे काम केलेल्या बाई आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या. मुलाने त्यांना दोन तास गाडी चालवून आणले होते. वडिलांची भूमिका करणारे गृहस्थ मधल्या काळात गेले, त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी बटण दाबले आणि पडद्यावर फुलबाज्या उडू लागल्या. काळ्या भागात पांढरे, लखलखणारे ठिपके. थोड्या वेळाने पडदा पूर्ण काळा, मग पुन्हा फुलबाज्या. मुले म्हणाली, "हॅपी दिवाळी!" ही आपत्ती मला अगदीच अनपेक्षित नव्हती. आदल्या आठवड्यात असेच काहीसे दिसले म्हणून मी एक 'बूस्टर' आणून कपाटातल्या टोकाला लावला होता. त्याने दुखणे वाढले होते.

पाहुण्यांत पुण्याहून मुलीकडे आलेले एक काका होते, डाक-तार खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती फूट?"

"पन्नास."

"आणि ह्या टोकाला जोर लावताय? अहो, ऐकू येत नाही म्हणून ओरडायचं नसतं. सावकाश बोला की जरा!"

बूस्टर काढला आणि प्लेअरचे चित्र १०८०पी वरून ७२०पी वर आणले. फुलबाज्या जागच्या जागी विझल्या. व्हीएचएसच्या चित्रात मुळात जेवढा बारकावा असतो त्याला ७२०पी देखील अंगापेक्षा बोंगा मोठा असल्यामुळे कुणाचे काही बिघडले नाही. नाटक पाहून झाले, डोळे पुसून झाले आणि चहाच्या वेळी काकांनी मला विचारले, "तुम्ही व्हाइटहाउसचं नाव ऐकलंय? प्रेसिडेंटचं घर नव्हे, माणूस!"

मी ऐकले नव्हते. त्यानंतरच्या दोन-तीन हिवाळ्यांत जे वाचले, त्यातून हा लेख झाला.

वाइल्डमन व्हाइटहाउस हा इंग्लंडातल्या ब्रायटन गावचा शल्यविशारद. विजेचे प्रयोग हा त्याचा छंद. १८५६ मध्ये सायरस फील्ड ह्या न्यूयॉर्कच्या कागदाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन अटलांटिक महासागराच्या तळाशी तार टाकणारी कंपनी काढली, तेव्हा विजेच्या बाजूचा सर्व कारभार ह्या डॉक्टरांकडे आला. कंपनीच्या संचालकांत ग्लासगो विद्यापीठातला विल्यम थॉमसन नावाचा तरुण प्राध्यापकही होता, हाच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाला. ह्या दोघांचे पटेना. कारण एका साध्या प्रश्नाचे त्यांच्याकडे दोन निरनिराळे जवाब होते: तार लांब झाली की संदेशाचे काय होते?

खांबावरच्या तारेत हा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. समुद्राखालची तार वेगळी. मध्ये तांब्याचा धागा, भोवती गटापर्चाचे वेष्टण (गटापर्चा म्हणजे मलायातल्या झाडाचा चीक), त्यावर लोखंडी तारांचे चिलखत आणि बाहेर खारे पाणी. मायकेल फॅरडेने १८५४ च्या सुमारास दाखवून दिले की ही नुसती तार नाही, हा एक हजारो मैल लांबीचा लेडन जार आहे, म्हणजे वीज साठवणारे भांडे. ह्या टोकाला बटण दाबले की वीज आधी ते भांडे भरत बसते आणि बटण सोडले तरी भांडे लगेच रिकामे होत नाही. पाऊस थांबल्यावरही कौलांवरून पागोळ्या गळत राहतात ना, तसे. पहिल्या सरीच्या पागोळ्या थांबायच्या आत दुसरी सर आली, तर अंगणात उभ्या असलेल्या माणसाला दोन सरी झाल्या की एक, हे सांगता येणार नाही. तारेच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या तारमास्तराची हीच अवस्था होते.

थॉमसनने ह्याचे गणित मांडले. १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सिद्धांतानुसार हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार दुप्पट लांब केली की पागोळ्या चौपट वेळ गळणार. उपाय काय? तांबे जाड घ्या, वेष्टण जाड घ्या, वीज मंद ठेवा आणि पलीकडे अतिशय नाजूक कानाचे यंत्र बसवा. व्हाइटहाउसला हे मान्य नव्हते. त्याने स्वतः प्रयोग केले होते, त्यात वर्गाचा नियम त्याला दिसला नव्हता, आणि जाड तांबे महाग पडले असते. त्याचा उपाय सोपा होता: जोर वाढवा. कंपनीने त्याचे ऐकले. समुद्री मैलाला १०७ पौंड तांबे असलेली बारीक तार आधीच बनवायला दिली होती. (स्वस्तातली केबल घेणारा मी पहिलाच नव्हे, हे वाचून मला बरे वाटले.)

१८५७ च्या उन्हाळ्यात तार टाकताना तुटली. १८५८ च्या जूनमध्ये पुन्हा तुटली. अखेर ५ ऑगस्ट १८५८ रोजी 'ॲगॅमेम्नॉन' आणि 'नायगरा' ह्या दोन युद्धनौकांनी आयर्लंडमधले व्हॅलेंशिया आणि न्यूफाउंडलंडमधले ट्रिनिटी बे ही टोके जोडली. सुमारे दोन हजार मैल तार. न्यूयॉर्कमध्ये असा जल्लोष झाला की शोभेच्या दारूने सिटी हॉलच्या घुमटाला आग लागली. उरलेल्या तारेचे तुकडे टिफनीने विकत घेऊन आठवणवस्तू म्हणून विकले. व्हिक्टोरिया राणीने अध्यक्ष ब्यूकॅनन ह्यांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पोचायला मात्र सुमारे सोळा तास लागले, म्हणजे एका शब्दाला सरासरी दहा मिनिटे. जनतेला हे सांगितले गेले नाही.

किनाऱ्यावरच्या खोलीत काय चालले होते? संदेश नीट येत नाहीत म्हणून व्हाइटहाउसने पाच-पाच फूट लांबीची वेटोळी जोडून तारेत सुमारे २००० व्होल्टचा दाब सोडला. तार मुळात निर्दोष नव्हती. कारखान्यात उन्हात पडून गटापर्चा मऊ झाला होता आणि आतले तांबे जागोजागी मधून सरकले होते. अशा दुबळ्या जागी जादा दाबाने वेष्टण जळत गेले. जे शब्द कसेबसे पोचत होते ते थॉमसनच्या आरशाच्या गॅल्व्हानोमीटरवर वाचले जात होते. त्यात एक चिमुकला आरसा, त्याला चिकटवलेले लोहचुंबकाचे कण आणि आरशावरून परावर्तित होणारी दिव्याची तिरीप असे. अत्यंत क्षीण वीज आली तरी ती तिरीप भिंतीवर हाले. व्हाइटहाउस ती अक्षरे वाचून घेई आणि आपल्याच यंत्रावर आल्याचे कळवी. हे उघडकीला आले आणि ऑगस्टमध्येच कंपनीने त्याला काढले. सप्टेंबरच्या सुरुवातीला तार गप्प झाली.

ह्या महिनाभराच्या आयुष्यात तिने केलेले सर्वांत कमाईचे काम आपल्याशी संबंधित आहे. १८५७ चा उठाव मोडायला कॅनडातल्या दोन इंग्रज पलटणींना समुद्र ओलांडून परत येण्याचा हुकूम गेला होता. पुढे उठाव आटोक्यात आला, पलटणींची गरज उरली नाही आणि ऑगस्टअखेर हा निरोप तारेने गेला. सरकारचे पन्नास हजार पौंडांच्या आसपास वाचले. तारेची किंमत लंडनला पटली ती आपल्या पराभवाच्या बातमीने, हे वाचताना माझा घास जरा अडकला.

पाठोपाठ, ब्रिटिश सरकारने हमी घेतलेली तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे जाणारी तारही बंद पडली. तेव्हा सरकार आणि कंपनी ह्यांची संयुक्त चौकशी समिती बसली. तिचा १८६१ चा अहवाल म्हणजे लांब तारांच्या दुखण्याची पहिली सविस्तर केसपेपर फाइल. तार कारखान्यात, बोटीवर आणि पाण्यात उतरताना सतत मोजत राहा, मोजण्याची एकके सर्वांची एक असू द्या, हे शहाणपण तिथून रूढ झाले. आज आपण 'ओहम' म्हणतो, त्या एककाच्या ठरवाठरवीला ह्याच काळात खरा जोर आला. व्हाइटहाउसला मात्र सगळ्या पापांचे गाठोडे एकट्याने वाहावे लागले. मला वाटते ते थोडे अन्यायाचे होते. बारीक तार त्याने एकट्याने निवडली नव्हती, आणि ती उन्हात त्याने टाकली नव्हती.

१८६६ ची तार थॉमसनच्या म्हणण्याप्रमाणे झाली. तांबे मैलाला ३०० पौंड, वेष्टण ४०० पौंड, आणि टाकायला 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळातले जगातले सर्वांत मोठे जहाज. मिनिटाला सहा-आठ शब्द जाऊ लागले. आदल्या वर्षी तुटून बुडालेली तारही गळ टाकून वर काढून पुरी केली. मग लॅटिमर क्लार्क ह्या इंजिनियरने एक गंमत केली. दोन्ही तारा पलीकडे जोडून जाऊन-येऊन जवळजवळ चार हजार मैलांचा फेरा केला आणि शिवणकामाच्या चांदीच्या अंगुस्तानात जस्ताचा तुकडा व थोडे आम्ल घालून बनवलेल्या बॅटरीने त्यातून संदेश पाठवला! दोन हजार व्होल्टनी जे झाले नाही ते अंगुस्तानाने केले. हेच 'ग्रेट ईस्टर्न' १८७० च्या सुरुवातीला, उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून पांढरा रंग फासून, मुंबईला आले आणि तिथून एडनपर्यंत तार टाकत गेले. आपल्या आज्या 'तार आली' म्हटले की पाटावरून उठायच्या आत रडायला लागत. त्या तारेची आणि अटलांटिकच्या तारेची आई एकच.

पुढचा माणूस माझा विशेष लाडका. ऑलिव्हर हेविसाइड. लंडनच्या गरीब घरातला, कानाने अधू, कॉलेजचे तोंड न पाहिलेला. न्यूकॅसलला तार कंपनीत नोकरीला होता, ती चोविसाव्या वर्षी सोडून घरी बसला आणि गणित करू लागला. थॉमसनने तारेचा विरोध आणि साठवण ह्या दोनच गोष्टी धरल्या होत्या. हेविसाइडने त्यात आणखी दोन घातल्या: विजेभोवतीच्या चुंबकत्वाची जडता आणि वेष्टणातून होणारी गळती. त्याच्या लक्षात आले की खरे दुखणे संदेश क्षीण होण्याचे नाही. संदेशात जाडे आणि बारीक असे अनेक स्वर एकत्र असतात. तार बारीक स्वरांना जास्त खाते, जाड्यांना कमी, आणि सगळे एकाच वेळी पोचतही नाहीत. सर्वांचे नुकसान सारखेच झाले तर आकार बिघडत नाही, फक्त आवाज लहान होतो. १८८७ मध्ये त्याने असा समतोल कसा साधायचा ते दाखवले: तारेची चुंबकी जडता मुद्दाम वाढवा. ब्रिटिश पोस्ट ऑफिसचे मुख्य विद्युत अधिकारी विल्यम प्रीस ह्यांचा ठाम समज होता की ती जडता हाच शत्रू. हेविसाइडचे लेख अडकून राहिले.

त्या कल्पनेचे पैसे अमेरिकेत झाले. ए टी अँड टी कंपनीतला जॉर्ज कॅम्पबेल आणि कोलंबिया विद्यापीठातला मायकेल प्युपिन ह्यांनी १८९९-१९०० च्या सुमारास तारेत ठराविक अंतरावर वेटोळी घालायची रीत शोधली. पेटंट प्युपिनला मिळाले, कंपनीने ते भरघोस किंमत देऊन घेतले. प्युपिन हा सर्बियन खेडेगावातून १८७४ मध्ये खिशात पाच सेंट घेऊन ह्या देशात उतरलेला मुलगा. त्याच्या आत्मचरित्राला १९२४ चे पुलित्झर मिळाले. आपल्यापैकी अनेकांना ही कथा आवडेल, मलाही आवडते. पण इंग्लंडात एका खोलीत विपन्नावस्थेत बसलेल्या हेविसाइडला त्यातली कवडीही मिळाली नाही, हेही त्याच पानावर लिहायला हवे.

अटलांटिकपलीकडे माणसाचा आवाज तारेने जायला १९५६ उजाडले. त्या वर्षीच्या पहिल्या टेलिफोन केबलमधून एका वेळी ३६ संभाषणे होत, कारण वाटेत ठिकठिकाणी, समुद्राच्या तळाशी, थकलेल्या संदेशाला उभारी देणारी यंत्रे बसवली होती. ओरडणे कुठल्याच टोकाला नव्हते.

आता आमच्या भिंतीत परत येऊ. संगणकाच्या पडद्यासाठी १९९९ मध्ये डीव्हीआय हे डिजिटल जोडणीचे प्रमाण आले आणि त्यातूनच डिसेंबर २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय काढले. (त्यातल्या 'थॉमसन' ह्या फ्रेंच कंपनीचा आपल्या विल्यम थॉमसनशी संबंध नाही, तो एलिह्यू थॉमसन वेगळा.) केबलच्या टोकाला १९ पिना. त्यात चित्राचे तीन वेगवान पदर असतात, प्रत्येकी दोन तारांच्या जोडीचा. १०८०पी चित्राला ह्या प्रत्येक जोडीतून सेकंदाला जवळजवळ दीड अब्ज ठोके जातात. वीज केबलमधून प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने धावते, म्हणजे एक ठोका तारेत साधारण १३ सेंटिमीटर जागा व्यापतो. माझ्या ५० फुटांत एका वेळी शंभरावर ठोके रांगेने चाललेले! इतक्या वेगाची वीज तांब्याच्या गाभ्यातून जातच नाही, नुसत्या कातडीतून जाते. हेही हेविसाइडने १८८५ मध्ये सांगितले होते. ती कातडी केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढी. मग विरोध वाढतो, बारीक स्वर खाल्ले जातात, ठोक्याच्या कडा बोथट होतात आणि एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या अंगणात. बारीक तारेला कातडीही कमी, म्हणून स्वस्त केबल आधी हरते.

आपल्याकडे गच्चीवर चढून अँटेना फिरवत "आता दिसतंय का?" असे ओरडणारी पिढी ही. चित्रात मुंग्या वाढत, आवाज खरखरे, पण बिघाड पायऱ्यापायऱ्यांनी येई. डिजिटल चित्र कड्याच्या टोकापर्यंत सुरेख असते. रिसीव्हरला एक आणि शून्य ओळखू येते तोवर सगळे ठीक, ओळखण्यात चुका होऊ लागल्या की फुलबाज्या, आणखी चार पावलांवर काळोख. त्यामुळे आपण कड्यापासून किती अंतरावर उभे आहोत ते दिसत नाही. ७२०पी ला ठोके बरोबर निम्मे लागतात, म्हणून काकांची युक्ती चालली, आणि त्यात निदानही होते. वेग कमी करून ठिपके गेले तर दोष तारेच्या लांबीत किंवा जाडीत. प्लेअर उचलून प्रोजेक्टरपाशी नेऊन सहा फुटी केबलने जोडला तरी ठिपके राहिले, तर तारेला बोल लावू नये.

पण त्याच केबलमध्ये एक मंद तारही असते, तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. प्रोजेक्टर आपली कुवत प्लेअरला कळवतो तो तिच्यावरून, आणि चित्राच्या कुलूपकिल्ल्यांची देवघेवही तिच्यावरच. सेकंदाला फार तर लाखभर ठोके. ह्या तारेला जे होते ते नेमके अटलांटिकचे दुखणे: तारेची साठवण आणि विरोध मिळून ठोका वर चढायला वेळ लागतो. म्हणूनच प्रमाणात केबलच्या साठवणीला ७०० पिकोफॅरडची मर्यादा घातली आहे. ही तार आजारी पडली की फुलबाज्या दिसत नाहीत. चित्र येतच नाही, किंवा भलत्याच आकाराचे येते, किंवा मधूनमधून सगळे विझून पुन्हा लागते. आमच्या बेसमेंटमध्ये दोन्ही दुखणी एकत्र होती, हे मला तेव्हा कळले नाही. वेगवान जोड्यांना हेविसाइडचा रोग, मंद तारेला थॉमसनचा, आणि उपचाराला मी, व्हाइटहाउस.

बूस्टर लावायचाच तर प्रोजेक्टरच्या टोकाला, आणि तोही नुसता जोर वाढवणारा नको. तारेने जे स्वर जास्त खाल्ले तेच तेवढे वाढवून समतोल करणारा हवा. चांगल्या प्रोजेक्टरमध्ये तो आतच असतो. लांब अंतराला नेटवर्कच्या केबलवरून चित्र नेणारी एचडीबेसटी ही रीत २०१० पासून आहे आणि ती १०० मीटरपर्यंत पोचते.

२०१९ मध्ये आम्ही ४के प्रोजेक्टर घेतला. १८ गिगाबिटच्या त्या चित्राचा एक ठोका तारेत जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. तांब्याचा नाद सोडला आणि काचेच्या धाग्यांची केबल आणली. प्रकाश वाकवून नेणाऱ्या काचेच्या धाग्यांवर मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी ह्यांनी हॉपकिन्स ह्यांच्याबरोबर १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिले होते. काच पुरेशी शुद्ध केली तर त्यातून दूरवर संदेश जातील, हे चार्ल्स काओंनी १९६६ मध्ये मांडले. १९८८ च्या डिसेंबरात अटलांटिकखाली पहिली काचेची केबल सुरू झाली. ड्रायवॉल फोडायला दोन दिवस लागले, आणि ह्या वेळी आत आधी दोन इंची पाइप बसवला. केबल ओढून झाली, चित्र नाही. तास गेला. मग टोकावरचे बारीक अक्षर वाचले: ह्या केबलला दिशा असते, प्लेअरचे टोक वेगळे, पडद्याचे वेगळे. मी उलटी घातली होती.

काकांना पुण्याला फोन करून सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "चार धागे काचेचे असतील, पण मंद तार अजून तांब्याचीच असेल, बघा." पाकिटावर पाहिले, खरेच तांब्याची होती. पाइपमध्ये मी एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवली आहे, पुढची केबल ओढायला.